फ्लॅट विकायला काढलाय? रंगाचा डबा उघडण्याआधी कागदांची फाईल उघडा

जाहिरात टाकून दोन महिने झालेले असतात. रविवारी लोक येतात, बाल्कनीतून बाहेर डोकावतात, किचनच्या टाइल्सचं कौतुक करतात आणि ‘घरी बोलून कळवतो’ म्हणून निघून जातात. फोन काही येत नाही. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं रंग काढा, कुणी म्हणतं किंमत उतरवा, कुणी दरवाजाच्या दिशेत दोष शोधून देतं.

खरं तर रिसेल फ्लॅट दोनदा तपासला जातो. पहिली तपासणी घर बघायला आलेलं कुटुंब करतं. उजेड, वारा, ओल, पाणी, शेजार बघून ते मनाशी होय किंवा नाही ठरवतात. दुसरी तपासणी खरेदीदाराच्या बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर करतात. त्यांना पडद्यांच्या रंगाशी काही घेणं नसतं. त्यांना कागद हवे असतात आणि मंजूर नकाशाशी जुळणारं घर हवं असतं.

बहुतेक घरमालक सगळा पैसा आणि वेळ पहिल्या तपासणीवर खर्च करतात. व्यवहार मात्र अनेकदा दुसऱ्या तपासणीत अडकतो, तेही टोकन घेतल्यानंतर आणि पुढच्या घराचं बोलणं सुरू झाल्यानंतर. म्हणून घर विकायला काढताना दोन्हींची तयारी एकाच वेळी हवी. ती कशी करायची, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

सुरुवात फाईलपासून का?

कारण कागद मिळवायला वेळ लागतो. रंगारी चार दिवसांत काम संपवतो, पण हरवलेल्या कराराची प्रमाणित प्रत, वारसांच्या सह्या किंवा जुन्या कर्जाचं बँकेचं पत्र चार दिवसांत येत नाही. जाहिरात टाकण्याआधी पुढचे कागद एका जागी आणा:

• तुमचा नोंदणी केलेला करारनामा, नोंदणीची पावती आणि इंडेक्स २
• फ्लॅट याआधी विकला गेला असेल, तर बिल्डरपासून तुमच्यापर्यंतचे सगळे करार. याला दस्तांची साखळी म्हणतात. मधला एक करार नसला तरी बँक थांबते.
• सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. त्यावर तुमच्या नावाची नोंद झाली आहे का, ते उलट्या बाजूला बघा.
• इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाची प्रत
• मालमत्ता कराची ताजी पावती, वीजबिल, मेंटेनन्सचं शेवटचं बिल आणि थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र
• पार्किंग मिळालं असेल तर त्याचं पत्र
• फ्लॅटवर आधी कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र

कर्ज फिटून वर्षं झाली, पण मूळ कागद बँकेतून आणायचेच राहिले, असंही होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

कर्ज अजून सुरू असेल तरी फ्लॅट विकता येतो. बँकेकडून थकीत रकमेचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या मूळ कागदांची यादी घ्या. खरेदीदाराची बँक साधारणपणे तेवढी रक्कम थेट तुमच्या बँकेला देते आणि उरलेली तुम्हाला. यात जास्तीचे काही आठवडे जातात, हे खरेदीदाराला पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

घर आई-वडिलांच्या नावावर असेल तर?

सगळ्यात जास्त व्यवहार इथे रखडतात. वडील गेले, सोसायटीत नॉमिनी म्हणून मोठ्या मुलाचं नाव होतं, भाग प्रमाणपत्रावरही त्याचं नाव चढलं. आता तो फ्लॅट विकायला निघतो आणि बँकेचा वकील विचारतो, ‘बहिणींची सही कुठे आहे?’

नॉमिनी हा मालक नसतो. सोसायटीने कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच नॉमिनेशनमुळे ठरतं. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांकडे जाते. लग्न झालेल्या मुलीही त्यात येतात. त्यामुळे विक्रीआधी बाकीच्या वारसांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवं, किंवा विक्रीच्या करारावर सगळ्यांनी विक्रेते म्हणून सह्या करायला हव्यात.

एखादा भाऊ परदेशात असेल तर त्याच्याकडून मुखत्यारपत्र मागवावं लागतं. ते तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित करून घेणं, इथे आणणं, इथे त्यावर मुद्रांक शुल्क भरणं यात वेळ जातो. घरात हा विषय काढणं अवघड असतं, हे खरं. पण खरेदीदार दारात उभा असताना काढण्यापेक्षा तो आधी काढलेला सोपा जातो.

म्हाडा, सिडको किंवा सरकारी जमिनीवरच्या सोसायटीतलं घर असेल, तर हस्तांतरणाला कुणाची परवानगी लागते, शुल्क किती आहे आणि विक्रीवर मुदतीचं बंधन आहे का, हे संबंधित कार्यालयात आधी विचारा. हा खर्च कोण करणार, तेही बोलणीच्या वेळीच ठरवा.

ओल झाकायची की सांगायची?

आता भिंतींकडे वळू. महाराष्ट्रात जुना फ्लॅट बघताना अनुभवी माणूस आधी वर बघतो. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचा भाग, टॉयलेटखालचा स्लॅब, वरच्या मजल्यावर असेल तर छताचे कोपरे. रंगाला फुगे, भिंतीवर पांढरे क्षार, प्लास्टरचे पोपडे दिसले की त्याच्या डोक्यातली किंमत तिथेच उतरते.

यावरचा सर्रास उपाय म्हणजे पुट्टी मारून वरून रंगाचे दोन हात द्यायचे आणि उन्हाळ्यात घर दाखवायचं. पण नव्या रंगाच्या वासातही ओलीचा वास लपत नाही. एकाच भिंतीला नवा रंग दिसला की बघणारा ‘इथे काय झालं होतं?’ असं विचारतोच. शिवाय पहिला पाऊस पडला की ओल पुन्हा बाहेर येते.

इथे कायदाही स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या कलम ५५ नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला नेहमीची काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष सांगणं ही विक्रेत्याची जबाबदारी आहे. दोष घराचा असो की मालकी हक्काचा. तो मुद्दाम न सांगणं ही कायद्याच्या भाषेत फसवणूक ठरते. म्हणजे रंगाखाली दाबलेली ओल पावसाळ्यानंतर वकिलाच्या नोटिशीच्या रूपाने परत येऊ शकते.

मग करायचं काय? आधी ओल कुठून येते ते शोधा, मग दुरुस्ती करा आणि रंग सगळ्यात शेवटी द्या.

बाथरूमवर संशय असेल तर प्लंबरकडून पाणी साठवून चाचणी करून घ्या. नाहणीचा आउटलेट बंद करून फरशीवर थोडं पाणी २४ ते ४८ तास तसंच ठेवतात आणि खालच्या मजल्यावर ओल उतरते का ते बघतात. कधी कधी टाइल्सच्या सांध्यांतलं ग्राउट नव्याने भरून काम भागतं, कधी फरशी काढून वॉटरप्रूफिंग करावं लागतं. पाणी बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा सामाईक पाइपमधून येत असेल, तर आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घेतलेली प्रत फाईलमध्ये ठेवा. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळत असेल, तर तो विषय वरच्या सदस्याबरोबर सोडवावा लागतो.

भिंत पूर्ण वाळली की मगच पुट्टी आणि रंग. दुरुस्तीचं बिल आणि वॉरंटी जपून ठेवा. ‘इथे गळत होतं, अमुक महिन्यात काम केलं, हे बिल’ असं सांगणाऱ्या मालकावर लोकांचा विश्वास बसतो. काम करायला पैसे नसतील तर दोष सांगून त्याप्रमाणे किंमत धरा. तोही सरळ मार्ग आहे.

इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा प्रश्न येणारच. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. सोसायटीकडून शेवटच्या अहवालाची प्रत मागून घ्या. मोठ्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायचा ठराव झाला असेल, तर ती वर्गणी कोण भरणार हे आधीच ठरवा. पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल, तर ती कोणत्या टप्प्यावर आहे तेवढंच सांगा. न झालेल्या कराराच्या जोरावर जास्तीच्या चौरस फुटांचं आश्वासन देऊ नका.

कशावर खर्च करावा, कशावर नको?

विकण्यासाठी घर सजवताना एक हिशेब डोक्यात ठेवा. नव्या मालकाला मॉड्युलर किचन त्याच्या आवडीचं हवं असतं. तुम्ही लाखभर रुपये घालून लावलेल्या लाल ट्रॉल्या तो काढून टाकू शकतो. त्यामुळे विक्रीच्या तोंडावर नवं फॉल्स सीलिंग, महागडा वॉलपेपर, नवी फरशी यांत पैसे घालू नका.

छोटी कामं मात्र सगळी करून घ्या. गळणारा नळ, पाणी सोडत राहणारा फ्लश, पावसात फुगून घासणारं बाथरूमचं दार, तुटलेला स्विच, लुकलुकणारी ट्यूब, न लागणारी खिडकीची कडी. यातली कुठलीच गोष्ट मोठी नसते. पण एका भेटीत अशा चार गोष्टी दिसल्या की ‘या घराकडे कुणी लक्षच दिलेलं नाही’ असं मत होतं. मग न दिसणाऱ्या वायरिंगबद्दल आणि पाइपबद्दलही शंका येते.

त्यानंतर पसारा कमी करा. माळ्यावरची जुनी भांडी, बाल्कनीतली मोडकी सायकल, पलंगाखालच्या पेट्या, फ्रिजवरच्या पिशव्या, दारामागचे कपडे. नाहीतरी घर सोडताना हे सगळं आवरायचंच असतं, ते आधी आवरा. वन बीएचकेत एक जादा कपाट हलवलं तरी खोली मोठी वाटते. किचनच्या ओट्यावर शेगडी आणि एखाद-दुसरा डबा, एवढंच राहू द्या.

एक्झॉस्ट फॅन आणि चिमणीवरचं तेलकट थर घासून काढा, बाथरूमच्या टाइल्सवरचे क्षाराचे डाग घालवा, खिडक्यांच्या काचा आणि स्लायडिंगचे ट्रॅक पुसून घ्या. रंग द्यायचाच असेल तर सगळ्या घराला एकच फिकट रंग द्या. काचा स्वच्छ, पडदे उघडे आणि सगळे दिवे चालू असतील तर घराचं रूप आपोआप बदलतं.

फोटो कसे काढायचे?

आज घर पहिल्यांदा बघितलं जातं ते मोबाइलवर, दोन सेकंदांत, अंगठ्याने सरकवत. फोटो अंधारे असतील तर पुढची भेट होतच नाही.

फोटो दिवसा काढा. प्रत्येक खोलीत उजेड कधी येतो ते बघून वेळ ठरवा. फोन आडवा धरा, छातीच्या उंचीवर ठेवा आणि खोलीच्या कोपऱ्यातून समोरचा कोपरा दिसेल असा फोटो घ्या. लेन्स पुसायला विसरू नका. बाथरूमचा फोटो टाळू नका. तो नसला की लोक वाईटच धरून चालतात. टॉयलेटचं झाकण मात्र बंद ठेवा. जिना, लिफ्ट, प्रवेशद्वार आणि पार्किंगचाही एकेक फोटो द्या.

फार रुंद लेन्स किंवा फिल्टर वापरून दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दाखवू नका. माणूस प्रत्यक्ष येतो, तेव्हा फोटोतला आणि समोरचा फरक त्याला दारातच कळतो आणि पुढची अर्धा तासाची भेट वाया जाते.

फोटोत मुलांचे चेहरे, देव्हाऱ्यातली चांदी, कपाटाची तिजोरी, गाडीचा नंबर येऊ देऊ नका. करारनामा, आधार किंवा पॅनचा फोटो जाहिरातीत किंवा व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. आणखी एक सावधगिरी. जाहिरात टाकल्यावर ‘घर न बघताच टोकन पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे फोन येतात. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात.

जाहिरातीत क्षेत्रफळ कोणतं लिहायचं?

कार्पेट. दुसरं लिहिलंत तर पहिला वाद इथेच होतो.

जुन्या जाहिरातींत बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपचे आकडे असत. त्यात भिंतींची जाडी, कधी जिना-लिफ्टचा वाटाही मिळवलेला असे. रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली. घराच्या आतला वापरता येणारा भाग आणि आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही.

तुमचा करार रेराआधीचा असेल, तर त्यात कोणतं क्षेत्रफळ लिहिलंय ते नीट वाचा. फक्त बिल्ट-अप दिलं असेल तर टेप घेऊन प्रत्यक्ष माप काढून घ्या. ‘करारात बिल्ट-अप इतकं, प्रत्यक्ष कार्पेट इतकं’ असं दोन्ही लिहिलं की प्रश्न मिटतो.

बंद केलेली बाल्कनी हा यातला नाजूक भाग. बाल्कनी हॉलमध्ये घेतली असेल किंवा किचन हलवून तिथे बेडरूम केली असेल, तर बँकेचा व्हॅल्युअर ते मंजूर नकाशाशी ताडून बघतो. फरक मोठा असेल तर कर्ज कमी मंजूर होऊ शकतं किंवा अडकू शकतं. त्यामुळे वन बीएचके फ्लॅटची जाहिरात ‘टू बीएचके’ म्हणून करू नका. ‘वन बीएचके, एक वाढीव खोली, मूळ नकाशात ती बाल्कनी’ असं लिहा.

पार्किंगचंही तसंच. बिल्डरला उघडं किंवा इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग फ्लॅटपासून वेगळं विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे. तुमच्याकडे पार्किंगचं पत्र नसेल आणि सोसायटी दरवर्षी आळीपाळीने जागा देत असेल, तर जाहिरातीत ‘पार्किंगसह’ लिहू नका.

किंमत कशी ठरवायची?

शेजारच्या विंगमधल्या माणसाने ‘नव्वद सांगितलेत’ हा आधार होत नाही. सांगितलेली किंमत आणि ठरलेली किंमत यात फरक असतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. तिथे तुमच्या भागातल्या नोंदणी झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स २ बघता येतो. त्यात क्षेत्रफळ, ठरलेला मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य लिहिलेलं असतं. तुमच्याच इमारतीतले किंवा आसपासचे अलीकडचे तीन-चार व्यवहार शोधा आणि कार्पेटच्या हिशेबाने दर काढा. मग मजला, लिफ्ट, पार्किंग, इमारतीचं वय याप्रमाणे थोडं वर-खाली करा.

सोबत रेडीरेकनरचा दरही बघा. सरकारी मूल्य करारातल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरलं, तर तुमचा कर ठरवताना सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरलं जातं. खरेदीदारालाही फरकावर कर लागू शकतो.

खरेदीदाराचा हिशेब समजून घ्या. तो तुमच्या किमतीवर मुद्रांक शुल्कही भरणार असतो. मुंबईत ते ६ टक्के आणि पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. शिवाय नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. म्हणजे पुण्यातला ८० लाखांचा फ्लॅट पुरुषाच्या नावावर घेतला तर वर ५ लाख ६० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी येते. समोरचा माणूस ‘आमचं बजेट ८६ आहे’ म्हणतो, तेव्हा त्यात हे धरलेलं असतं. त्याला ८० हीच शेवटची किंमत असू शकते.

वेळही किमतीवर परिणाम करते. मुलांच्या शाळेसाठी जागा बदलणाऱ्या कुटुंबांना जूनच्या आत राहायला यायचं असतं, म्हणून ती फेब्रुवारी-मार्चपासून घरं बघतात. पितृपक्षात टोकन द्यायला अनेक जण तयार होत नाहीत. तेच लोक दसऱ्याला किंवा पाडव्याला लगेच पैसे देतात. पंधरा दिवस फोन आला नाही म्हणून लगेच किंमत उतरवण्याआधी कॅलेंडर बघा.

भेटीच्या दिवशी

लोक येण्याआधी अर्धा तास खिडक्या उघडा आणि कचरा बाहेर ठेवा. मासे तळण्याचा बेत दुपारनंतरचा ठेवा. घरातल्या एकानेच बोलावं. एकाच वेळी तिघांनी माहिती दिली की आकडे वेगवेगळे निघतात.

ठरलेले प्रश्न येतातच. पाणी किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का, मेंटेनन्स किती, लिफ्ट बंद पडली तर जनरेटर आहे का, दरवाजा कुठल्या दिशेला. उत्तरं तयार ठेवा आणि खरी द्या. पाण्याबद्दल खोटं बोललात, तर खाली वॉचमनकडून दोन मिनिटांत खरं कळतं. वास्तूसाठी विचारणाऱ्याला दिशा सांगा, पण त्यासाठी विक्रीआधी तोडफोड करू नका.

आलेल्या माणसांना नळ सोडून बघू द्या, खिडकी उघडून बघू द्या. तुम्ही सतत मागे फिरत राहिलात तर त्यांना आपसात बोलता येत नाही. ‘आम्हाला महिनाभरात पैसे हवेतच’ हे वाक्य मात्र टाळा. ते ऐकलं की समोरचा थांबून बघतो.

घरात भाडेकरू असतील तर त्यांना विचारून भेटीची वेळ ठरवा आणि त्यांच्या कराराची मुदत खरेदीदाराला सांगा. एजंट नेमणार असाल तर त्याचा महारेरा नोंदणी क्रमांक विचारा. दलाली किती, कधी द्यायची आणि दोन्ही बाजूंकडून घेणार का, हे लेखी ठरवा.

सोसायटी ‘डोनेशन’ मागते, ते द्यायचं का?

सदस्यत्व हस्तांतरित करताना सोसायटी प्रीमियम घेऊ शकते, पण त्याला मर्यादा आहे. महापालिका क्षेत्रात ती कमाल २५,००० रुपये आहे. त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतरण फी आणि नव्या सदस्याकडून १०० रुपये प्रवेश फी. यापेक्षा जास्त रक्कम विकास निधी, देणगी अशा कुठल्याही नावाखाली सक्तीने घेता येत नाही.

फ्लॅट विकण्याचा विचार सोसायटीला १५ दिवस आधी लेखी कळवायचा असतो. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणाला सोसायटीच्या ना हरकत प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण कर्ज देणारी बँक ते मागते. म्हणून थकबाकी भरा आणि टोकन झाल्या झाल्या अर्ज करा.

टोकन ते चावी

टोकन घेताना विसार पावती लिहून घ्या. एकूण किंमत, मिळालेली रक्कम, करार कधी करायचा, कर्ज मंजूर झालं नाही तर टोकन परत की जप्त, पंखे-गिझर-एसी घरासोबत जाणार की नाही, ताबा कधी, हे सगळं त्यात असू द्या. मोठ्या किमतीच्या व्यवहारात गिझरवरून भांडण झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. ‘थोडे रोख, थोडे चेकने’ या बोलीत धोका घेणाऱ्याचा असतो.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरतो. ८० लाखांच्या व्यवहारात ८० हजार. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का ते तपासा. पॅन आधारशी जोडलेला नसल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर कपात २० टक्क्यांपर्यंत जाते. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर ५० लाखांची अट नसते आणि कपात बरीच जास्त असते. अशा वेळी आधी सीएला भेटा.

नफ्यावरच्या कराचाही हिशेब आधी करा. फ्लॅट २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांना महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशेब करायचाही पर्याय आहे. जो कर कमी भरेल तो. नफा दुसऱ्या घरात गुंतवला तर सवलत मिळते. ते घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घ्यावं लागतं, बांधणार असाल तर तीन वर्षांत. ठरावीक सरकारी बाँडमध्ये सहा महिन्यांच्या आत ५० लाखांपर्यंत गुंतवण्याचाही मार्ग आहे. दलालीची पावती ठेवा, ती या हिशेबात वजा होते.

शेवटचा नियम साधा आहे. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय चावी देऊ नका. ‘फक्त सामान ठेवतो’, ‘फक्त सुतारकाम सुरू करतो’ म्हणूनही नाही. ताबा देताना वीज आणि गॅसच्या मीटरचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. वीजजोडणी आणि मालमत्ता कराच्या नोंदीवरचं नाव बदलून घ्यायला नव्या मालकाला सांगा. नाहीतर पुढच्या थकबाकीची नोटीस तुमच्याच नावाने येत राहते.

या आठवड्यात काय करता येईल?

घर विकायचं मनात असेल तर पहिल्या संध्याकाळी फाईल काढा आणि वरच्या यादीतलं काय नाही ते कागदावर लिहा. वारसांचा प्रश्न असेल तर पहिला फोन त्यांना करा. दुसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन भिंती, छत आणि बाथरूम बघा. तिसऱ्या दिवशी ई-सर्चवर व्यवहार शोधून किंमतीचा अंदाज घ्या. प्लंबर, आवराआवर आणि फोटो त्यानंतर. जाहिरात सगळ्यात शेवटी टाका.

असं केलं तर घर बघायला येणाऱ्याच्या प्रत्येक प्रश्नाला तुमच्याकडे एक उत्तर आणि एक कागद असेल. ज्याला घर खरंच घ्यायचं आहे, तो मग ‘कळवतो’ न म्हणता फाईलची प्रत मागतो.